आधी धावपट्टी विचारा, मग विमान: विदर्भातल्या गावातून चार्टर ठरवताना

चार्टरसाठी, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घ्यायला, कुठेही फोन लावा, दहा मिनिटांत 'विमान आहे' असं उत्तर येतं. विमान खरंच असतंही. बहुतेक वेळा मुंबईत नाहीतर दिल्लीत उभं. घोडं अडतं ते पुढे. ते उतरणार कुठे, तिथला विमानतळ किती वाजेपर्यंत उघडा आहे, आणि तिथून तुमच्या गावापर्यंत रस्ता किती तासांचा आहे? यवतमाळ, गडचिरोली, वाशीम, बुलढाण्याकडच्या माणसाने म्हणूनच काम उलट्या टोकाने सुरू करावं. पहिल्यांदा धावपट्टी ठरवायची, मग तिथे उतरू शकेल असं विमान, आणि पैशाचं बोलणं त्यानंतर.

पुढचं सगळं तीन गरजा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे: अत्यवस्थ रुग्ण हलवणं, लग्नकार्याला किंवा कारखान्याच्या कामाला माणसं आणणं, आणि थेट गावात हेलिकॉप्टर उतरवणं.

उतरायला जागा कुठे आहे

नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हा एकमेव बिनघोर पर्याय. ३,२०० मीटरची धावपट्टी, चोवीस तास हवाई नियंत्रण कक्ष (एटीसी), कमी दृश्यमानतेत उतरायला वाट दाखवणारी आयएलएस यंत्रणा आणि इंधनाची सोय, असं सगळं एका जागी आहे. लहान-मोठं कुठलंही खाजगी जेट इथे उतरतं. मनात शंका असेल तर नागपूरच धरा आणि उरलेलं अंतर रस्त्याने कापा. यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती ही तिन्ही गावं नागपूरपासून साधारण दीडशे किलोमीटरवर आहेत, म्हणजे अडीच ते तीन तास.

अमरावतीच्या बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. धावपट्टी १,८५० मीटर. टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं लहान विमान, आरामात उतरतं, लहान जेटही उतरतं. मोठ्या जेटच्या बाबतीत ऑपरेटर आकडेमोड करूनच हो म्हणेल. गोंदियाची बिरसी धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली, आज सुमारे २,३०० मीटरची. तिथे वैमानिक प्रशिक्षण जोरात चालतं, त्यामुळे दिवसा आकाशात गर्दी असते आणि थांबायची तयारी ठेवावी लागते. अकोल्याची शिवणी १,४०० मीटर, म्हणजे टर्बोप्रॉपपुरती. यवतमाळला धावपट्टी आहे, पण वापर कमी, म्हणून 'सध्या वापरात आहे का' हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारायचा. चंद्रपूरची मोरवा ही लहान विमानांची जागा. तिच्या भरवशावर रुग्णाचा बेत आखू नये.

जिल्ह्याची हद्द मात्र डोक्यातून काढून टाका. पुसद-उमरखेडकडच्या माणसाला नांदेड जवळ पडतं. सिंदखेडराजा, देऊळगावराजाला छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा सोयीचं, आणि तिथली धावपट्टी २,८३५ मीटरची आहे. सिरोंच्याच्या रुग्णाला हैदराबादलाच न्यायचं असेल तर तो आधी नागपूरला आणून मग विमानाने परत दक्षिणेकडे पाठवणं हा द्राविडी प्राणायाम आहे. सिरोंच्याहून सरळ तेलंगणातून रस्त्याने नेलं तर बऱ्याचदा तेवढ्याच वेळात माणूस दवाखान्यात पोचतो. नकाशा काढून दोन्ही वाटांचे तास एकदा मांडून बघा.

लहान धावपट्टी निवडली तर चार गोष्टी लेखी मिळवा. आज विमानतळ किती वाजेपर्यंत उघडा आहे? उतरायची परवानगी कोण देणार, म्हणजे विमानतळ प्राधिकरण, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, एमआयडीसी की जिल्हा प्रशासन? अग्निशमनाची गाडी तिथे असते की नगरपालिकेकडून मागवावी लागेल? आणि इंधन मिळेल का? इंधन मिळत नसेल तर विमान परतीचं इंधन पोटात घेऊन येतं, वजन वाढतं, आणि दोन माणसं किंवा त्यांचं सामान खाली ठेवावं लागतं. हे बुकिंगच्या दिवशी कोणी सांगत नाही, विमानाजवळ गेल्यावर कळतं.

पाचवी गोष्ट कागदावर नसते. वापर कमी असलेल्या धावपट्टीवर गुरं चरायला येतात, आणि पहाटे-संध्याकाळी रोही नाहीतर रानडुकरं आडवी जातात. विमान उतरण्याच्या अर्धा तास आधी जीपने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरी मारून जनावरं हाकलायची आणि गिट्टी, तारेचे तुकडे, प्लास्टिकच्या पन्न्या उचलायच्या. सुपारीएवढा खडा जेट इंजिनात गेला तरी पात्यांचं नुकसान होतं आणि विमान तिथेच बसतं. मग दुसरं विमान मागवा, पहिल्यासाठी इंजिनिअर मागवा, असं सुरू होतं.

उन्हाचा हिशोब

विदर्भात चार्टरची तारीख आणि वेळ ठरवताना हा हिशोब टाळून चालत नाही. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,०३० फुटांवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचं प्रमाणित (स्टँडर्ड) तापमान १३ अंश धरतात. नवतपात दुपारी ४५ अंश झाले तर फरक झाला ३२ अंशांचा. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर ३,८४० फूट होतात; त्यात मूळचे १,०३० मिळवा. म्हणजे विमानाला जी विरळ हवा मिळते ती ४,९०० फुटांवरची. चिखलदरा ३,६०० फुटांच्या थोडं वर आहे. दुपारी दोनला नागपूरच्या या सोनेगाव विमानतळावरून उडणारं विमान जणू चिखलदऱ्याच्याही हजार-बाराशे फूट वरून उडतं.

विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, आणि धावपट्टी जास्त लागते. नागपूरच्या ३,२०० मीटरवर याने फारसं बिघडत नाही. शिवणीच्या १,४०० मीटरवर मात्र सगळं बिघडतं. भाड्याच्या उड्डाणात जेट विमान उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत आणि टर्बोप्रॉप ७० टक्क्यांत थांबू शकेल असाच हिशोब धरला जातो. शिवणीला ७० टक्के म्हणजे ९८० मीटर. किंग एअर बी-२०० या टर्बोप्रॉपला उतरायला साधारण पावणेनऊशे मीटर लागतात, म्हणजे जमतं. बेलोऱ्याला जेटसाठी ६० टक्के म्हणजे १,११० मीटर. पण उतरणं जमलं म्हणजे उडणं जमलं असं नाही. हॉकर ८०० सारख्या मध्यम जेटला पूर्ण वजनाने उडायला समुद्रसपाटीवर, थंड हवेतच दीड हजार मीटरच्या वर धावपट्टी लागते. पाऊस पडून धावपट्टी ओली असेल तर उतरण्याच्या लांबीत जेटसाठी आणखी १५ टक्के धरतात.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की एप्रिल ते जूनमध्ये सकाळी नऊच्या आतलं उड्डाण मागा. दुपारचं घ्यावंच लागलं तर माणसं कमी करा. लग्नाच्या मुहूर्ताला हे समजावून सांगणं कठीण जातं, तरी सांगा.

हिवाळ्यात अडचण निराळी. सकाळी धुकं असतं. नागपुरात ते लवकर विरतं, पण दिल्लीला जायचं असेल तर तिकडचं धुकं दहा-अकरापर्यंत रेंगाळतं. शिवाय डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत विमान उभं करायला जागा, वैमानिकांना हॉटेल आणि वर्धा रोडवर मोकळा रस्ता, तिन्हीची टंचाई असते.

विमान आणि बिल

पहिलं काम कायद्याचं. भाड्याने विमान देण्यासाठी ऑपरेटरकडे डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, अनियमित वाहतुकीचा परवाना लागतो, धंद्यात त्याला एनएसओपी म्हणतात. परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. एखाद्या उद्योगपतीचं 'खाजगी' वर्गात नोंदलेलं विमान ओळखीने स्वस्तात मिळतंय असं कोणी सांगितलं तर नाही म्हणा. ते पैसे घेऊन माणसं नेऊ शकत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. कोटेशनवर विमानाचा नोंदणी क्रमांक (भारतात तो व्हीटीने सुरू होतो), परवाना क्रमांक आणि ऑपरेटरचं नाव असलंच पाहिजे. बहुतेक फोन दलाल उचलतात. त्यात गैर काही नाही, पण पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि विमान कोणाचं, हे दोन्ही कागदावर यायला हवं.

आता बिल. तास मोजायला सुरुवात होते ती चाकाखालचे अडसर काढल्यापासून, आणि मोजणी थांबते ती अडसर परत लावल्यावर. विमान हवेत असतं त्यापेक्षा ही वेळ प्रत्येक फेरीला दहा-पंधरा मिनिटांनी जास्त भरते. त्यातही खरा धक्का रिकाम्या फेरीचा. तुम्हाला नागपूर ते हैदराबाद एवढंच जायचं आहे, टर्बोप्रॉपने सुमारे एक तास. पण विमान मुंबईहून येणार, दीड तास. हैदराबादहून मुंबईला परत जाणार, आणखी दीड तास. बिल चार तासांचं. त्यावर उतरण्याचं आणि उभं राहण्याचं शुल्क, हँडलिंग (विमानतळावर विमानाची आणि प्रवाशांची व्यवस्था बघणाऱ्या एजन्सीचे पैसे), वैमानिकांचा मुक्काम, विमानतळ ठरल्या वेळेनंतर उघडा ठेवायला लावला तर त्याचे पैसे, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणून तासाचा दर विचारू नका. 'मुंबई ते मुंबई, सगळं धरून, जीएसटीसकट किती' असं विचारा आणि दोन-तीन ठिकाणची तीच बेरीज समोरासमोर ठेवा. कोणाचं विमान आदल्या दिवशी नागपुरात माणसं सोडून रिकामं परत जाणार असेल तर ती फेरी बरीच स्वस्त पडते. फक्त वेळ त्यांची असते, तुमची नाही.

लग्नाला विमान थांबवून ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. वैमानिकांच्या कामाच्या तासांना डीजीसीएची मर्यादा आहे, आणि विमानतळावर बसून राहिलेला वेळही त्यात धरला जातो. वरात तीन तास उशिरा निघाली की वैमानिक नकार देतो, आणि तो बरोबर असतो. मुक्कामाचा खर्च आधीच धरून ठेवा.

पैसे बहुतेक सगळीकडे उड्डाणाआधी पूर्ण मागतात. रात्री अकराला गावातून ही रक्कम पाठवताना माणूस हमखास अडकतो. यूपीआयची साधारण मर्यादा एक लाख. आरटीजीएस चोवीस तास चालतं खरं, पण मोबाइलवर नवीन खातं जोडलं की पहिल्या दिवशी बँका रक्कम कमी ठेवतात. घरातल्या तीन-चार जणांच्या खात्यातून तुकड्यांनी पाठवायची तयारी ठेवा, आणि प्रत्येक पावतीचा फोटो लगेच ऑपरेटरला पाठवा. रुग्णाचा आरोग्य विमा असेल तर एअर ॲम्ब्युलन्सचं कलम आणि त्याची कमाल रक्कम बघा. बऱ्याच पॉलिसींत आधी मंजुरी लागते, नंतर नेलेलं बिल परत येतं.

रुग्ण न्यायचा असेल तर

पहिला फोन विमानवाल्याला करू नका. ज्या दवाखान्यात न्यायचं आहे तिथल्या डॉक्टरांकडून 'खाट आहे, आम्ही घेतो' हे नाव आणि वेळेसह लिहून घ्या. विमान वेळेवर पोचलं आणि आयसीयूत जागा नाही, असं झालं तर रुग्ण ॲम्ब्युलन्समध्येच पडून राहतो.

मग इथल्या डॉक्टरांकडून दोन कागद: रुग्ण विमानप्रवासाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र, आणि एका पानात मावेल असा गोषवारा. त्यात निदान, झालेल्या शस्त्रक्रिया तारखांसह, चालू औषधं आणि त्यांचा मिलिलिटर-तास वेग, व्हेंटिलेटरच्या सेटिंग्ज, शेवटचा रक्तवायू तपासणी अहवाल, आणि वजन. वजन अंदाजाने लिहू नका.

विमानातल्या डॉक्टरांना हे आधी कळलं पाहिजे, कारण वरची हवा रुग्णाच्या शरीरात बदल घडवते. विमान उंच गेलं की केबिनमधला दाब सुमारे ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा खाली येऊ शकतो. त्या दाबाला कुठल्याही बंद जागेतली हवा एक तृतीयांशाने फुगते. फुफ्फुसाभोवती हवा साचली असेल तर ती फुगून फुफ्फुस दाबते, म्हणून छातीत नळी घालून ती आधी काढावी लागते. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, आतड्याला अडथळा असेल, डोळ्यात वायू भरला असेल, डोक्याला मार लागून कवटीत हवा शिरली असेल, तर प्रत्येक वेळी हाच धोका. श्वासनलिकेतल्या नळीच्या फुग्याचा दाब वर जाताना आणि खाली येताना परत मोजायचा असतो. सलाइनची काचेची बाटली नको, पिशवी हवी. अशा रुग्णासाठी ऑपरेटरला 'केबिनचा दाब जमिनीइतका ठेवून' उडायला सांगता येतं. विमान मग कमी उंचीवरून जातं, वेळ आणि इंधन दोन्ही वाढतं, आणि बिलही. पण हे उड्डाणाच्या आधी ठरलं पाहिजे, हवेत नाही.

ऑक्सिजनचा हिशोब स्वतः करून बघा. समजा रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागतो. यवतमाळहून नागपूर १८० मिनिटं, विमानतळाच्या दारात आणि चढवण्यात ४० मिनिटं. एकूण २२० मिनिटं, म्हणजे २,२०० लिटर. ॲम्ब्युलन्समध्ये जो बी-टाइप सिलिंडर असतो त्यात भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर मावतो, म्हणजे अडीच तास. एक सिलिंडर बुटीबोरीच्या आसपासच संपतो. दोन पुरतील, तिसरा राखीव ठेवा, आणि तिन्हींचा काटा निघण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'भरलेला आहे' हे शब्द पुरेसे नाहीत. या सिलिंडरांपैकी एकही विमानात जात नाही. विमानाची स्वतःची मान्यताप्राप्त यंत्रणा असते. म्हणून शिडीपाशी रुग्ण एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर जातो, आणि त्या मिनिटभरासाठी दोन्ही बाजूंचे जोड एकमेकांना बसतात की नाही हे डॉक्टरांनी फोनवर बोलून ठेवलेलं बरं.

रस्त्यासाठी व्हेंटिलेटरसह ॲम्ब्युलन्स वेगळी ठरवा, आणि ती थेट विमानापर्यंत जाणार असेल तर गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव आणि त्याचं ओळखपत्र काही तास आधी हँडलिंग एजन्सीकडे पोचलं पाहिजे. इथे एक चूक फार होते. गाडी वाटेत बिघडते, मालक दुसरी पाठवतो, आणि ती विमानतळाच्या दारात उभी राहते, कारण यादीत क्रमांक जुना आहे. गाडी बदलली की पहिला फोन एजन्सीला, मग घरच्यांना.

सोबत किती जण? किंग एअर किंवा पिलाटस पीसी-१२ मध्ये स्ट्रेचर, डॉक्टर आणि परिचारक बसल्यावर एक, फार तर दोन नातेवाईक मावतात. कोण जाणार ते घरीच ठरवा. शिडीखाली उभं राहून मामा की काका असा वाद घालण्यात वीस मिनिटं जातात. जाणाऱ्याने एक छोटी मऊ पिशवी घ्यावी. कडक सूटकेस ठेवायला जागा नसते. बाकीच्यांनी रेल्वेने किंवा गाडीने त्याच वेळी निघावं.

पार्थिव आणायचं असेल तर कागद वेगळे: मृत्यूचा दाखला, देह टिकवण्याच्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र, पेटी सीलबंद असल्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचं ना-हरकत पत्र, आणि शवविच्छेदन झालं असेल तर तो अहवाल.

विमानतळाच्या दारात

चार्टरला दोन तास आधी जायची गरज नसते. पाऊण ते एक तास पुरतो. पण सुरक्षा तपासणी सुटत नाही. प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच यादीत गेलेलं हवं. आधारवर 'रामभाऊ' आणि यादीत 'रामचंद्र' असलं की थांबवतात. कोणत्या दाराने यायचं आणि तिथे कोण भेटणार, हे आदल्या दिवशी एजन्सीकडून नाव-नंबरासकट घ्या. नेहमीच्या प्रवासी दारावर जाऊन 'आमचं स्वतःचं विमान आहे' असं सांगणारी वऱ्हाडी मंडळी दर लग्नसराईत दिसतात.

सामानात लग्नाच्या रुखवताकडे लक्ष द्या. सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. फटाके, लायटर, सॅनिटायझरचे कॅन आणि पूजेचं रॉकेल घरी ठेवा. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. परवान्याची बंदूक कोणी घेणार असेल तर ती आधी कळवायची, ऐनवेळी काढून दाखवायची नाही. माणसांचं आणि पिशव्यांचं वजन विचारलं तर खरं सांगा. वैमानिक त्यावरच इंधन ठरवतो.

वावरात हेलिकॉप्टर

गावात हेलिकॉप्टर उतरवायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पोलिसांचं ना-हरकत लागतं. मागणी निदान आठवडाभर आधी द्या. अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश असतात, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते. मोबाइल २०.५० असं दाखवतो, म्हणजे साडेवीस अंश, म्हणजेच २० अंश ३० मिनिटं. कोणी ते '२० अंश ५० मिनिटं' असं लिहून देतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर. वीस मिनिटं चुकली की हेलिकॉप्टर ३७ किलोमीटर दूर, दुसऱ्याच तालुक्यात घिरट्या घालतं. आकडा कोणत्या पद्धतीने लिहिला आहे ते शब्दांत सांगा, आणि जवळचं तळं, पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस खूण म्हणून द्या.

जागा निवडताना आधी वर बघा. शेतपंपाच्या तारा आणि ११ केव्हीची लाइन वैमानिकाला वरून दिसत नाही. खांब दिसतात, तार नाही. ज्या दोन बाजूंनी यायचं-जायचं त्या वाटा मोकळ्या हव्यात, आणि त्या साधारण समोरासमोर हव्यात, म्हणजे वारा कुठूनही असला तरी एक कामाला येते. बेल ४०७ किंवा एच-१२५ सारखं लहान हेलिकॉप्टर पात्यांसकट सुमारे १३ मीटर लांब असतं. ३० बाय ३० मीटर पक्की सपाट जागा आणि भोवती ५० बाय ५० मोकळी, एवढं धरा. उतार नजरेला जाणवत असेल तर जागा बदला.

काळ्या कपाशीच्या जमिनीवर पावसानंतर उतरवू नका. वरून कोरडी दिसते आणि आत रुतते. वीतभर मुरूम टाकून रोलर फिरवा. मुरुमात मोठे दगड नकोत. आदल्या संध्याकाळी पाणी मारा, आणि उतरण्याच्या तासभर आधी परत हलकंच. धूळ बसली पाहिजे, चिखल होता कामा नये. धूळ बसली नाही तर शेवटच्या दहा फुटांत वैमानिकाला जमीन दिसत नाही, आणि हेलिकॉप्टरचे बरेच अपघात याच दहा फुटांत होतात.

मधोमध 'एच' काढायचा: उंची तीन मीटर, रुंदी १.८ मीटर, रेघ ४० सेंटिमीटर जाड. चुना कोरडा पसरू नका. पात्याच्या वाऱ्याने तो उडून सगळ्यांच्या डोळ्यांत जातो, आणि वैमानिकाला पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नाही. चुना पाण्यात कालवून ब्रशने काढा आणि वाळू द्या. शंभर मीटरच्या आतले कुटाराचे ढीग, पराटीचे भारे, मांडवाचं कापड, पत्रे, रिकाम्या खुर्च्या हलवा नाहीतर बांधून टाका. उंच काठीला हलकं कापड बांधलं की वारा कळतो. अग्निशमनाची गाडी मिळाली तर उत्तम. नाहीतर मोठी अग्निशामकं, चालवायला शिकलेल्या माणसासकट.

असं हेलिकॉप्टर वैमानिकाला बाहेरचं डोळ्यांनी दिसत असेल तेवढ्यातच उडतं. भारतात असं उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंतच चालतं. डिसेंबरात नागपूरकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. परतीचं अंतर वजा करून 'इतक्या वाजता पाहुणा हेलिकॉप्टरमध्ये बसलेला हवा' हा आकडा सूत्रसंचालकाच्या हातात आधीच द्या. आणि उन्हाचा वरचा हिशोब इथे दुप्पट लागू होतो: पाच-सहा आसनांचं हेलिकॉप्टर मे महिन्यात दुपारी तीन-चार जणांनाच उचलतं. नवरदेवावर वरून फुलं टाकायची हौस असेल तर त्याला वेगळी परवानगी लागते. उतरायच्या परवानगीत ती येत नाही.

माणसं आवरणं हे शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. दोरी पन्नास मीटरवर बांधा आणि आत फक्त नेमलेली चार माणसं ठेवा. पाती फिरत असताना जायचं ते समोरून, वैमानिकाने हात केल्यावर, वाकून. शेपटाकडे कोणीही जायचं नाही. तिथलं पातं फिरताना दिसतच नाही. फेटा, गमछा, पदर घट्ट धरायचे, टोपी खिशात, लहान पोरं दोरीबाहेर. फोटोसाठी हात वर करायचा नाही. जमीन एका बाजूला चढती असेल तर चढाकडून जवळ जायचं नाही, तिकडे पाती जमिनीच्या जास्त जवळ असतात.

हेलिकॉप्टर उडून गेलं की लोक लगेच मैदानात घुसतात आणि ट्रॅक्टर 'एच'वर उभा राहतो. वीस मिनिटं दोरी सोडू नका, अग्निशमनाची गाडीही हलवू नका. दरवाजा नीट लागला नाही, एखादा दिवा पेटला किंवा पुढे वादळ दिसलं तर वैमानिक याच जागी परत येतो.